शेपू म्हातारा होऊ द्या

कॉटन मार्केटच्या मागच्या गल्लीत
बावीस वर्षं मी बाटल्या विकल्या.
लेबलावर शंकरपाळीएवढी खूण: लाल, पिवळी, निळी.
झाकण न उघडता नुसत्या वासावरून कंपनी सांगायचो.
लोक यायचे, पानाचा तुकडा रुमालात गुंडाळून.
मी चष्मा कपाळावर सरकवायचो, म्हणायचो, मावा.
आणि हात आपोआप वरच्या फळीकडे जायचा.

आता वाठोड्याला, मुलाच्या प्लॉटवर,
घर बांधायला निघेपर्यंत
चार वाफे माझे.
दोन वांग्याचे, एक कोबीचा, एक असाच.
डिसेंबरात कोबीच्या पानामागे राख सांडल्यासारखं काही बसलं,
आणि माझा हात वर गेला.
वर फळी नव्हती. थंड, निळं आभाळ होतं.

शेजारच्या वावरातून कौतिका बारापात्रे ओरडली,
"काय करून राहिले भाऊ? शेपू काहून उपटता?"
म्हटलं, फुलावर आला, आता कोण खाणार?
"म्हातारा होऊ द्या त्याले.
तुमी नाही खात, तुमचे पाहुणे खातेत."

मग बांधाला चवळी टोचली, तिच्याच बटव्यातली.
कोथिंबीर तोडायची थांबवली.
मोहरी एका कडेला, मुद्दाम, बळी द्यायला.
शेपूने पिवळ्या छत्र्या उघडल्या
आणि प्रत्येक छत्रीत मध,
इतका उथळ
की मधमाशीला त्यात हशील नाही,
पण तिळाएवढ्या तोंडाला पोटभर.

मावा वाढत होता.
रोज सकाळी मोजायचो, मग मोजणं सोडलं.
चौथ्या दिवशी स्कूटर काढली, सक्करदरा चौकापर्यंत गेलो,
सिग्नल हिरवा झाला,
मागच्याने हॉर्न वाजवला,
परत फिरलो.
पाण्याचा पाइप घेतला तर बाई पुन्हा कुंपणाशी:
"सगळाच नका धुवू बाप्पा.
पाहुणे बोलावता अन् चूल विझवता?"

नवव्या दिवशी एक माशी
गांधीलमाशीचं सोंग घेऊन
शेपूवर हवेतच थांबली होती,
जशी कोणी पत्ता विचारायला थांबावी.

माझ्याकडे बॅच नंबर वाचायचं भिंग होतं.
पान उलटं केलं.
राखेत काही दाणे वेगळे होते: फुगलेले, तपकिरी,
भाजलेल्या खसखशीसारखे.
प्रत्येकाच्या पाठीला एक दार.
अगदी गोल, कंपासने आखल्यासारखं.
आतून कोणी तरी जेवून निघून गेलं होतं.

हे काही दयेचं काम नाही.
फुलं मी लावली, आमंत्रण मी दिलं,
आणि कोणाला दिलं ते मला ठाऊक होतं.

पण भिंग पुढे सरकलं तेव्हा
एक काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची अळी
एकामागून एक मावा चघळत चालली होती.
कौतिका म्हणाली, "हे तर ढालकिड्याचं लेकरू."

मी तिथेच मातीत बसलो.

हिला मी ओळखत होतो.
कुहीकडून एक पोरगा आला होता एकदा,
माचिसच्या पेटीत हीच घेऊन.
काका, ही चांगली का वाईट?
चष्मा वर, एक नजर.
वाईट.
सव्वादोनशेची बाटली. सुट्टे नव्हते,
पंचवीस रुपयांचे त्याला हातमोजे दिले.

किती रुमाल उघडले असतील मी.
किती वेळा.

कोबीचे अकरा गड्डे निघाले, तीन किडले.
वांग्यांची अळी काही केल्या गेली नाही,
त्याला अजून काही उपाय सापडत नाही,
बाईलाही नाही.
शेपू वाळून कडकडीत झाला.
बी हातावर झटकलं, फुंकलं, भुसा कोबीवर उडाला,
आणि घरात डबी शोधली तर
माचिसची पेटीच हाताला आली.

तीत भरून ठेवलंय.
कुही फार लांब नाही.
नाव विचारलं नव्हतं पण.